गुन्हा, विषमता आणि पुणे : समाजशास्त्राच्या नजरेतून

मुठेकाठी

गेल्या काही वर्षांत पुण्यात कोयते घेऊन फिरणाऱ्या, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्या फोडणाऱ्या, टपरीवाल्यांकडून हप्ता मागणाऱ्या मुलांच्या बातम्या वरचेवर येत आहेत आणि त्यांवरची चर्चा बहुधा दोनच वाक्यांशी येऊन थांबते. ‘त्या वस्त्याच तशा आहेत’ हे एक, आणि ‘गरिबीमुळे मुले वाममार्गाला लागतात’ हे दुसरे. पहिले कठोर आहे, दुसरे कनवाळू आहे. पण गुन्हेगारी ही मुळात गरिबांकडे घडणारी गोष्ट आहे, हे दोन्हींनी धरूनच चाललेले असते. याच गृहीताची समाजशास्त्राने शंभराहून अधिक वर्षे निरनिराळ्या बाजूंनी तपासणी केली आहे आणि त्या तपासणीचा आपल्या शहराला काही उपयोग आहे असे मला वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवात लोंब्रोसोपासून केली तर बदल लवकर लक्षात येतो. हा इटालियन डॉक्टर १८७६ मध्ये गुन्हेगाराच्या कवटीत आणि जबड्यात गुन्ह्याची खूण शोधत होता. त्यानंतर वीस वर्षांच्या आत, १८९५ मध्ये, फ्रान्समधील एमिल दुर्खीम यांनी प्रश्नच फिरवला. गुन्हा नसलेला समाज कुठेही आढळत नाही, त्यामुळे काही प्रमाणात गुन्हा असणे हे समाजाचे सामान्य लक्षण मानावे लागते, आणि एखाद्या कृत्यावर समाज ज्या त्वेषाने तुटून पडतो त्यावरून त्या समाजाला काय पवित्र वाटते हे कळते, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे अभ्यासायचा तो एकटा गुन्हेगार उरला नाही. त्याला गुन्हेगार ठरवणारा समाजही अभ्यासाच्या मेजावर आला.

विषमतेचा धागा स्पष्टपणे पकडला तो रॉबर्ट मर्टन यांनी, १९३८ च्या निबंधात. अमेरिकी समाज सर्वांना पैसा आणि यश हे एकच ध्येय दाखवतो, पण तिथवर जाण्याचे मान्य मार्ग सर्वांना सारखे देत नाही. या ओढाताणीतून काही माणसे ध्येय तेच ठेवून मार्ग बदलतात, काही ध्येय सोडून नुसते नियम पाळत बसतात, काही दोन्ही सोडून व्यसनात विरून जातात आणि काही बंड करतात. येथे नुसती गरिबी पुरेशी नाही हे लक्षात घ्यावे. सगळेच गरीब असलेल्या दुर्गम खेड्यात ही ओढाताण कमी असू शकते. येरवड्यातल्या वस्तीपासून कल्याणीनगर आणि कोरेगाव पार्क चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्या मुलाची आई तिथे घरकाम करते, तो स्वतः तिथे पार्सले पोहोचवतो, तिथल्या मुलांच्या गाड्या, बूट आणि फोन त्याला नावानिशी ठाऊक असतात. दहावीला नापास झाल्यावर त्याच्यापुढे उरते ते कंत्राटी काम, तेही ठेकेदाराच्या मर्जीवर.

तरीही गाड्या फोडण्याचा उलगडा मर्टन यांच्या मांडणीतून होत नाही, कारण त्यातून पैसा मिळत नाही. याचे उत्तर आल्बर्ट कोहेन यांनी १९५५ मध्ये शोधले. शाळा सर्व मुलांना मध्यमवर्गीय घराच्या मापाने मोजते: बोलणे, टापटीप, वेळेचे भान, गृहपाठ. त्या मापात वारंवार कमी ठरलेली मुले एकत्र येऊन मापच उलटे करतात. शाळेत जे निंद्य, ते टोळीत मानाचे होते. एका रात्री वीस रिक्षांच्या काचा फुटतात तेव्हा त्या मुलांना हवी असते ती भीती आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत घेतले जाणारे नाव. मला हे विवेचन आपल्या शहराला फार जवळून लागू पडते असे वाटते. ज्या मुलाला कुणी नावाने ओळखत नव्हते, त्याला चारचौघांसमोर ओळख देणारी पहिली संस्था जर टोळी असेल, तर आपल्या बाकीच्या संस्था तोवर कुठे होत्या, हा प्रश्न विचारावाच लागतो.

शिकागोच्या क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी बालन्यायालयात आलेल्या मुलांचे पत्ते नकाशावर मांडले. १९४२ च्या त्यांच्या ग्रंथातील निष्कर्ष असा की, शहरातील काही भागांत एक स्थलांतरित समाज जाऊन दुसरा आला, तरी बालगुन्हेगारीचे प्रमाण त्या भागांत तसेच चढे राहिले. म्हणजे कारण त्या माणसांच्या जातीत वा रक्तात नसून जागेच्या परिस्थितीत होते. पुण्याला हा नकाशा जसाच्या तसा लावता येणार नाही. आपल्या वस्त्या १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरानंतरचे विस्थापन, १९७२ चा दुष्काळ, पुढे बांधकामावर आलेले मजूर अशा निरनिराळ्या लाटांतून उभ्या राहिल्या आणि त्यांत तालमी, मंडळे, भिशी, बचत गट अशी घट्ट वीण आहे. त्यांना विस्कळीत म्हणणे चुकीचे ठरेल. विल्यम व्हाइट यांनी बोस्टनमधील इटालियन वस्तीत राहून १९४३ मध्ये हेच दाखवले होते की बाहेरच्यांना जो गोंधळ दिसतो, त्याला आतून बारकाईची रचना असते.

आता दुसरी बाजू. एडविन सदरलँड यांनी १९४९ मध्ये अमेरिकेतील ७० मोठ्या कंपन्यांविरुद्धचे निकाल तपासले आणि ९८० प्रतिकूल निर्णय मोजले. एका कंपनीमागे सरासरी १४. त्या ग्रंथातून कंपन्यांची नावे गाळावी लागली आणि नावांसह संपूर्ण आवृत्ती यायला १९८३ साल उजाडले. गरिबी हे गुन्ह्याचे कारण असेल तर ह्या संचालकांना कसली गरिबी होती, असा त्यांचा साधा प्रश्न होता. गुन्हा हा शिकला जातो, जवळच्या माणसांच्या संगतीत त्याची रीत आणि त्याची समर्थने दोन्ही आत्मसात होतात, आणि हे वस्तीत जितके खरे तितकेच वातानुकूलित कार्यालयात खरे, असे त्यांनी मांडले. बुडालेल्या पतसंस्थेत आयुष्याची पुंजी गेलेली माणसे पुण्यात कमी नाहीत. महाराष्ट्राला ठेवीदारांसाठी १९९९ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. पण शहरातील ‘गुन्हेगारी वाढली’ असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे संचालक मंडळ येत नाही.

मला यातून दिसते ते असे की विषमता दोन वेळा काम करते. एकदा कृत्याच्या आधी, मुलापुढे कोणते मार्ग आहेत हे ठरवताना. आणि दुसऱ्यांदा कृत्यानंतर, कोणाचे कृत्य गुन्हा म्हणून नोंदले जाईल, कोण पकडला जाईल, कोण सुटेल आणि कोणावर आयुष्यभराचा शिक्का बसेल हे ठरवताना. पहिल्यावर आपण थोडेफार बोलतो. दुसऱ्यावर जवळजवळ नाही.

माजी_फौजदार

लेख काळजीपूर्वक वाचला. मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे ज्यांच्याबद्दल आपण लिहिले आहे त्या मुलांशी आणि त्यांच्या आईबापांशी समोरासमोर बोललेला माणूस म्हणून काही मुद्दे मांडतो.

एकाच दहा-बाय-बाराच्या खोलीत वाढलेले दोन भाऊ असतात. धाकटा पोलिसांच्या रेकॉर्डवर येतो आणि थोरला बँकेत शिपाई म्हणून नोकरी धरतो. परिस्थिती दोघांची तीच. ट्रॅव्हिस हिर्शी यांनी १९६९ मध्ये म्हटले होते की माणसे गुन्हा का करतात यापेक्षा बहुतेक माणसे तो का करत नाहीत हे विचारावे. आणि उत्तर म्हणून त्यांनी आईवडिलांची व शिक्षकांची ओढ, गमावण्यासारखे काहीतरी हाती असणे, वेळ गुंतलेला असणे आणि नियमांवर विश्वास असणे हे चार बंध सांगितले. माझ्या नोकरीतील निरीक्षण याच्याशी जुळते. शाळा सुटलेला, काम न लागलेला, घरी कुणी वाट न पाहणारा मुलगा ‘भाई’च्या हाती सर्वांत आधी लागतो. वाढदिवसाला कोयत्याने केक कापून त्याचे चित्रण मोबाईलवर टाकणे इथून सुरुवात होते आणि पुढे भाईच्या भांडणात पहिला वार त्याच्या हातून करवून घेतात, कारण अल्पवयीन मुलगा लवकर सुटेल हा भाईचा हिशेब पक्का असतो.

दुसरे, ज्या टपरीवाल्याकडून हप्ता घेतला जातो तो त्याच वस्तीत राहतो. ज्या रिक्षाच्या काचा फुटतात तिचे हप्ते अजून फिटायचे असतात. समाजशास्त्रात गुन्हेगाराच्या परिस्थितीवर जितके लिहिले जाते तितके या माणसावर लिहिले जात नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली एखाद्याला दोन वर्षांपर्यंत तडीपार करता येते. त्यावर टीका होते, परंतु तो इसम गेल्यावर गल्लीतील बायाबापड्या किती मोकळा श्वास घेतात हे मी पाहिले आहे.

मात्र आपला दुसऱ्या वेळेचा मुद्दा मला नाकारता येत नाही. नाकाबंदीत कोणती गाडी थांबवायची हे हवालदार क्षणात ठरवतो, आणि मळका शर्ट व जुनी मोटारसायकल हे त्या क्षणी पुरेसे कारण होऊन बसते. एकदा चॅप्टर केस (शांतताभंग टाळण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई) झाली, नाव रेकॉर्डवर आले, की परिसरात काहीही घडले तरी पहिली चौकशी त्याच घरी होते. तपासाच्या दृष्टीने ते सोयीचे असते. त्या घराच्या दृष्टीने त्याचे काय होते, हे विचारायला आम्हाला वेळ नसे.

आकडेमोड

मुठेकाठी यांनी गरिबी आणि विषमता वेगळ्या केल्या हे योग्य झाले, कारण आकडेवारीतही तो फरक दिसतो. ज्युडिथ आणि पीटर ब्लाउ यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतील १२५ मोठ्या महानगर क्षेत्रांचा अभ्यास केला. हिंसक गुन्ह्यांचा संबंध उत्पन्नातील आणि वंशावंशांतील दरीशी लागला. ती दरी हिशेबात धरल्यावर नुसत्या गरिबीचा परिणाम उरला नाही. पुढे रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये शिकागोच्या ३४३ भागांतील ८,७८२ रहिवाशांच्या मुलाखतींवरून दाखवले की, जिथे शेजारी एकमेकांवर विश्वास ठेवतात आणि कोपऱ्यावर उडाणटप्पूपणा करणाऱ्या मुलांना हटकतात, तिथे हिंसा कमी आढळते. गरिबी एकत्र कोंबली गेली आणि माणसे सतत घरे बदलत राहिली, की हा परस्परविश्वास क्षीण होतो. पुण्यातील भाड्याच्या खोल्यांत दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत हे तपासून पाहण्यासारखे आहे.

एक सावधगिरी मात्र सर्वांनी बाळगावी. पोलिसांकडील आकडे हे गुन्ह्यांचे आकडे नसतात, नोंदींचे असतात. दर लाख लोकसंख्येमागे नोंदलेल्या गुन्ह्यांत केरळ वर्षानुवर्षे बिहारच्या पुढे असतो. यावरून केरळ अधिक असुरक्षित आहे असा अर्थ काढणे चूक आहे, कारण तिथे माणसे चौकीवर जातात आणि त्यांची तक्रार लिहून घेतली जाते. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यास प्राथमिक माहिती अहवाल नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्टपणे सांगावे लागले, यावरूनच आधीची रीत कशी होती हे कळते. म्हणून एखाद्या वर्षी पुण्याचे आकडे वाढले तर आधी नोंदणी सुधारली का हे पाहावे.

अश्विनी_कोथरूड

माझ्या सासूबाईंचे मंगळसूत्र सकाळी फिरायला गेल्या असताना हिसकावले गेले. त्या पडल्या, खुब्याचे हाड मोडले आणि त्यानंतर त्यांनी एकट्याने घराबाहेर पाऊल टाकलेले नाही. या धाग्यातील प्रत्येक सिद्धांत त्या मुलाला समजून घेण्यासाठी आहे असे वाचताना जाणवले. सासूबाईंसाठी यात काय आहे?

वकिली_टिपण

अश्विनीताई, आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मुठेकाठी देतीलच. मी कृत्यानंतरच्या विषमतेबद्दल, विशेषतः जामिनाबद्दल, थोडे सविस्तर लिहितो, कारण माझे रोजचे काम शिवाजीनगरच्या न्यायालयात त्याच रांगेत चालते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ जणांचे खटले अजून निकाली निघायचे होते. म्हणजे दर चारांतील तीन बंद्यांवर दोष सिद्ध झालेला नव्हता. ही सगळी माणसे धोकादायक असतात म्हणून आत राहतात असे नाही. पुष्कळांना जामीन मंजूर झालेला असतो, पण जामीनदार मिळत नाही. न्यायालय ऐपतदार जामीन मागते, त्यासाठी तहसीलदाराकडून ऐपतीचा दाखला लागतो, जामीनदाराचे घर किंवा जमीन असावी लागते, आणि वस्तीत राहणाऱ्याच्या नात्यातले सगळेच भाड्याच्या किंवा नावावर नसलेल्या खोलीत राहतात. मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले होते. दंडाधिकाऱ्याने त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला आणि त्याच्या भावाचा जामीन, तो दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून, नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडण्याचा आदेश दिला. लगेच पुढच्या वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारमधले असे बंदी उजेडात आले, की ज्यांनी आपल्यावरील आरोपाच्या कमाल शिक्षेपेक्षाही अधिक काळ खटल्याविना तुरुंगात काढला होता. त्याला आता पंचेचाळीस वर्षे उलटून गेली आहेत.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर तिला सोडावे असे आहे. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही. तरतूद चांगली आहे. परंतु त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाने, ज्याच्यावर एकापेक्षा अधिक गुन्ह्यांचा तपास किंवा खटला प्रलंबित आहे त्याला हा लाभ नाकारला आहे. आता माजी_फौजदार यांनी वर्णन केलेली गोष्ट आठवावी. ज्या मुलाचे नाव रेकॉर्डवर आहे, त्याचे नाव परिसरातील प्रत्येक प्रकरणात ‘आणि इतर’मध्ये सहज जोडले जाते. त्याच्यावर तीन गुन्हे नोंद आहेत याचा अर्थ त्याने तीन गुन्हे केले असा होत नाही, पण कलम ४७९ च्या लाभातून तो वगळला जातो. मुठेकाठी ज्याला शिक्का म्हणतात, त्याला आता कायद्याच्या पोटकलमात जागा मिळाली आहे.

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, त्या प्रकरणाचाही येथे विचार करावा लागेल. सतरा वर्षांच्या मुलाला काही तासांत जामीन मिळाला, अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध होता, आणि पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. शहर संतापले ते योग्यच होते. पण त्या संतापातून ‘अल्पवयीनांना सवलत कशाला’ अशी जी मागणी पुढे आली तिचे मला भय वाटते. २०१५ च्या बालन्याय कायद्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलांना अतिगंभीर गुन्ह्यांत प्रौढ म्हणून चालवण्याची वाट आधीच आहे. ती रुंद केली, तर तिच्यावरून जाणारी मुले कल्याणीनगरची नसतील. ज्यांच्या बापाला पहाटे तीन वाजता वकील उभा करता येत नाही, अशा घरांतली असतील. श्रीमंत मुलाला कायद्याची सौम्य बाजू मिळाली हा अन्याय, ती सौम्यता गरीब मुलांकडून काढून घेऊन दूर होत नाही.

पालावरची_शाळा

मी भटक्या-विमुक्त कुटुंबांतील मुलांसोबत काम करते. हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये असे मांडले की विचलन, म्हणजे समाजाचे नियम मोडणे, हा कृत्याचा अंगभूत गुण नसतो, तर ज्यांच्या हाती नियम करण्याची आणि लागू करण्याची सत्ता असते त्यांनी लावलेला तो शिक्का असतो. महाराष्ट्रात हे समजून घ्यायला अमेरिकेला जावे लागत नाही. १८७१ मध्ये ब्रिटिशांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे त्याच्या जाळ्यात पारधी, कैकाडी, टकारी, भामटा, कंजारभाट अशा आपल्याकडच्या अनेक जमाती आल्या. मूल जन्माला आले तेच गुन्हेगार म्हणून. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही, आणि काहींना तर सोलापूरसारख्या सेटलमेंटमध्ये कुंपणाआड राहून गिरण्यांत राबायचे. स्वातंत्र्यानंतरही तो कायदा पाच वर्षे टिकला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. त्याची जागा मात्र राज्याराज्यांतल्या सराईत गुन्हेगार कायद्यांनी घेतली, मुंबई राज्यात १९५९ मध्ये.

जमातीचे नाव कायद्यातून गेले, मनातून गेले नाही. गावाबाहेर पाल पडले की सरपंच पोलीस पाटलाला कळवतो. शाळेत पेन हरवले की आमच्याच मुलांची दप्तरे रिकामी केली जातात. तिसरीतल्या मुलीला ‘तुमच्यात शिकवतात का चोरी’ असे विचारले गेले आणि ती पुन्हा शाळेत आली नाही. एडविन लेमर्ट यांनी १९५१ मध्ये पहिल्या चुकीत आणि शिक्का बसल्यानंतरच्या वर्तनात फरक केला होता. आमच्या मुलांच्या बाबतीत शिक्का चुकीच्याही आधी येतो. ज्याला सातव्या वर्षापासून चोर म्हटले गेले त्याला प्रामाणिक राहण्याचे बक्षीस काय मिळते, याचा विचार शहाण्या माणसांनी करावा.

तुरुंगाच्या आतही हेच चालू होते. सुकन्या शांता या पत्रकार महिलेच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तोवर अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत झाडलोटीचे काम अमुक जातींना आणि स्वयंपाक तमुक जातींना अशा तरतुदी छापलेल्या होत्या, आणि काही ठिकाणी भटक्या जमातींच्या माणसाला सवयीचा गुन्हेगार धरण्याची मुभा होती. न्यायालयाने त्या घटनाबाह्य ठरवल्या आणि बंद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्यास सांगितले. या निकालाची बातमी मी आमच्या पालावर वाचून दाखवली, तेव्हा एका आजोबांनी त्यांच्या वडिलांना रात्री चौकीत झोपायला जावे लागे ते सांगितले. एकशे पन्नास वर्षांचा हा इतिहास त्यांच्या घरात दोन पिढ्यांच्या अंतरावर आहे.

माजी_फौजदार साहेबांनी रेकॉर्डवरच्या घराबद्दल जे लिहिले, ते खात्यातल्या माणसाने लिहिले याचे मला मोल वाटते.

रमा_ग

या चर्चेत मुली कुठेच नाहीत, याकडे लक्ष वेधते. साहेबांनी दोन भावांचे उदाहरण दिले. त्याच खोलीत त्यांची बहीणही वाढली असणार. गरिबी तिला तीच, शाळेतला अपमान तोच, वर घरकाम आणि लहान भावंडे. तिने कोयता उचलला नाही. २०२२ च्या ज्या अहवालाचा वर उल्लेख आहे, त्यात स्त्री बंद्यांचे प्रमाण जेमतेम चार टक्के आहे. परिस्थिती माणसाला गुन्ह्याकडे ढकलते असे म्हणणाऱ्या प्रत्येक सिद्धांताने या चार टक्क्यांचा हिशेब द्यायला हवा, आणि कॅरल स्मार्ट यांनी १९७६ मध्ये नेमकी हीच उणीव दाखवली होती. मर्टन किंवा कोहेन यांचा ‘मुलगा’ हा खरोखर मुलगाच आहे. पुरुष म्हणून मान मिळवण्याच्या कल्पनांना वगळून कोयत्याचे समाजशास्त्र पुरे होणार नाही.

दुसरे असे की परिस्थिती बदलून गुन्हा रोखण्याचा एक फार मोठा प्रयोग याच शहरात झाला आहे. एकोणिसाव्या शतकात ब्राह्मण विधवांना पुनर्विवाह नव्हता. घरातल्याच पुरुषाकडून दिवस गेले तर अर्भकाला मारणे किंवा स्वतः जीव देणे एवढेच तिच्या हाती उरे, आणि न्यायालयात उभी राहायची ती एकटी तीच. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, अशा स्त्रियांनी येथे येऊन गुपचूप आणि सुरक्षित बाळंत व्हावे असे जाहीर केले, आणि तिथे जन्मलेल्या यशवंताला स्वतः दत्तक घेतले. सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेला १८८१ मध्ये बालहत्येसाठी फाशी सुनावली गेली आणि अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. त्या प्रकरणावर वर्तमानपत्रांनी तमाम स्त्रीजातीवर ताशेरे झाडले, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून विचारले की दोष एकट्या बाईच्याच पदरात का. ते पुस्तक १८८२ मध्ये पुण्यातच छापले गेले. दुर्खीम यांचा ग्रंथ यायला तेव्हा तेरा वर्षे अवकाश होता.

आकडेमोड यांच्या मुद्द्यात एक भर. नवऱ्याच्या माराची तक्रार न करणारी बाई वस्तीत जशी आहे तशीच प्रभात रस्त्यावरच्या बंगल्यातही आहे. वस्तीतली भिंत पातळ असते, त्यामुळे तिथला मार शेजाऱ्यांना ऐकू येतो आणि कधीतरी चौकीपर्यंत पोहोचतो. बंगल्यातला पोहोचत नाही, आणि आपण निष्कर्ष काढतो की दारू पिऊन मारणे ही वस्तीची रीत आहे.

मुठेकाठी

सर्वांचे आभार. अश्विनीताईंच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

सासूबाईंवर जो हल्ला झाला त्याची जबाबदारी त्या मुलाची आहे आणि त्याला शिक्षा व्हावी. कारण सांगणे म्हणजे माफ करणे नव्हे. पण सासूबाईंना तीन गोष्टी मिळायला हव्यात आणि त्या तिन्हींचा संबंध या चर्चेशी आहे. खरा चोर सापडावा. रेकॉर्डवरचा जवळचा कुणीतरी उचलून आणला तर खरा मोकळाच राहतो. खटला लवकर निकाली निघावा. तुरुंग आणि न्यायालये किरकोळ प्रकरणांतील कच्च्या कैद्यांनी तुंबलेली असतील तर सासूबाईंच्या साक्षीची तारीख वर्षानुवर्षे पुढे जाते. आणि त्यांना पुन्हा टेकडीवर फिरायला जाता यावे. यासाठी पीडितांना भरपाई व उपचार देण्याची तरतूद कायद्यात आहे, तिच्याबद्दल पोलीस ठाण्यात आपल्याला कुणी सांगितले का, हे जरूर कळवावे. पीडित व्यक्तीकडे दुर्लक्ष करणारे समाजशास्त्र अपुरे आहे, या बाबतीत मी माजी_फौजदार यांच्याशी सहमत आहे.

तडीपारीबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. गल्लीला दिलासा मिळतो हे खरे असले, तरी त्या इसमाला ज्या तालुक्यात पाठवले जाते तिथेही एक गल्ली असते, आणि हिर्शी यांचे जे चार बंध साहेबांनी सांगितले ते सगळे, म्हणजे घर, काम, ओळखीची माणसे, आपण त्या आदेशाने एका दिवसात तोडतो. दोन वर्षांनी परत येणारा माणूस अधिक सुटा झालेला असतो.

रमाताईंचा मुलींचा मुद्दा मला या धाग्यातील सर्वांत कठीण वाटतो. विषमतेने ताण निर्माण होतो, पण त्या ताणाचे रूपांतर कोणत्या कृतीत होईल हे पुरुषपणाच्या शिकवणुकीने ठरते, असे त्यांच्या म्हणण्यातून दिसते. मग नववीत गळणाऱ्या मुलांसाठी जे काही करायचे ते रोजगार प्रशिक्षणापुरते ठेवून चालणार नाही. तालमी आणि मंडळे यांचा त्या मुलांवर शाळेपेक्षा अधिक अधिकार चालतो, आणि त्यांच्याशी या विषयावर बोलण्याचे काम पुण्यात कुणी सातत्याने करत असेल तर मला ते समजून घ्यायचे आहे.

पालावरची_शाळा

वकील साहेबांना एक नेमका प्रश्न. आमच्या ओळखीतल्या एका तरुणाला जामीन मंजूर झाला आहे, पण पालावर राहणाऱ्याला पत्त्याचा पुरावा नाही आणि स्थानिक जामीनदार मिळत नाही. घरचे लोक रोज तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन येतात. काय करता येईल?

वकिली_टिपण

ताई, सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी याबाबत निर्देश दिले आहेत. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत बंदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते आणि ते विधी स्वयंसेवक पाठवून मदत करतात. एक महिन्यात जामीनदार देता आला नाही, तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकते. स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका अडत असेल, तर तो आग्रह धरू नये असेही त्यात म्हटले आहे. जातमुचलक्यावर सोडण्याचा अर्ज करताना मोतीराम निकाल आणि हे निर्देश दोन्ही जोडावेत. रक्कम भरण्याचीच अडचण असेल, तर गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे, तीत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आर्थिक मदत मिळू शकते. प्राधिकरणाचे कार्यालय शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातच आहे. जामीन मंजुरीच्या आदेशाची प्रत आणि तो तरुण शिकला असेल तर शाळेचा दाखला घेऊन या. पत्त्यासाठी आपल्या संस्थेचे पत्र देता आले तर तेही आणावे. अर्ज मी लिहून देतो.